ओसरीवरचं चित्रप्रदर्शन

मुलांनो, चित्रप्रदर्शन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मोठी इमारत, गुळगुळीत फरशी, पांढऱ्याशुभ्र भिंती, चित्रांवर सोडलेले दिवे आणि 'हात लावू नये' अशी पाटी. खरं ना? माझ्याही डोळ्यांपुढे हेच यायचं. म्हणूनच आमच्या गावात कधी चित्रप्रदर्शन भरेल असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे तसली इमारत कुठली आणि दिवे कुठले!

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गात एक लोखंडी कपाट आहे. मुलांनी वर्षभर काढलेली चित्रं त्यात जातात. त्यातली दोन-चार भिंतीवर लागतात, बाकीची कपाटात. मे महिन्यात कपाट आवरायचं, जुने कागद रद्दीत द्यायचे, की जूनमध्ये कपाट पुन्हा रिकामं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली आणि नुकतीच पाचवीत गेलेली एक मुलगी वर्गाच्या दाराशी आली. म्हणाली, "बाई, माझं बैलाचं चित्र घरी न्यायचंय. आजीला दाखवायचं राहिलंय."

मी कपाट उघडलं. ते अर्थातच रिकामं होतं.

"सापडलं की देते हं," असं मी म्हटलं. म्हणजे चक्क खोटं बोलले. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत ती दाराशी यायची, कपाटाकडे बघायची आणि काही न विचारता निघून जायची. एकदा तरी विचारलं असतं, रागावली असती, तर बरं झालं असतं. ते नुसतं बघणं मला फार लागलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी जगन्नाथपुरीला गेलो. तिथून जवळच असलेलं एक गाव पाहिलं आणि प्रदर्शनाबद्दलची माझी कल्पना पार बदलून गेली. त्या गावाची गोष्ट आज तुम्हांला सांगणार आहे.

गावच प्रदर्शन

पुरीहून भुवनेश्वरच्या रस्त्याला लागलं की चंदनपूर येतं. तिथून आत वळायचं. नारळ, ताड, आंबा, फणस यांच्या दाटीत, भार्गवी नदीच्या काठी एक छोटंसं गाव आहे. त्याचं नाव रघुराजपूर. घरं असतील शंभर-सव्वाशे. पण गंमत अशी, की इथं जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी कलाकार आहे! कोणी कापडावर चित्रं काढतं, कोणी ताडपत्रावर, कोणी नारळाच्या करवंटीवर, तर कोणी लाकडी खेळणी आणि मुखवटे रंगवतं.

घरांच्या दोन लांबलचक रांगा समोरासमोर उभ्या आहेत. मधल्या मोकळ्या जागेत छोटी छोटी देवळं. घरांच्या बाहेरच्या भिंतींवरसुद्धा चित्रं: हत्ती, मोर, कृष्ण, झाडं, वेलबुट्ट्या. प्रत्येक घरापुढे ओसरी. ओसरीवर चटई टाकून चित्रकार मांडी घालून बसलेला. शेजारी करवंट्यांमध्ये कालवलेले रंग. आणि तयार झालेली चित्रं? ती दोरीवर टांगलेली, भिंतीला लावलेली, नाहीतर जमिनीवर अंथरलेली. तिकीट नाही, की पहारेकरी नाही. "या, बघून तरी जा," म्हणून घरातलीच माणसं बोलावतात.

एका घरात आम्ही शिरलो. आतल्या खोलीत भात शिजत होता, त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. खुंटीवर शाळेचं दप्तर, त्याच्या शेजारच्या खुंटीवर भलंमोठं रासलीलेचं चित्र. घर कुठं संपतं आणि प्रदर्शन कुठं सुरू होतं, काही कळेना!

त्या रासलीलेच्या अगदी जवळ एक हत्तीचं चित्र होतं. रेघा जरा थरथरलेल्या, रंग काठाबाहेर गेलेला. ते घरातल्या दहा वर्षांच्या नातवाने काढलेलं होतं. आजोबा पट्टीचे चित्रकार. मी बाई पडले ना, मला राहवेना. मी हिंदीत विचारलं, "याचा हात अजून कच्चा आहे. मग त्याचं चित्र तुम्ही तुमच्या शेजारी कसं लावलंत?"

आजोबा हसले. म्हणाले, "पेटीत ठेवलेल्या चित्राला कोण सांगणार, की बाबा रे, तुझी सोंड आखूड झालीय? इथं लावलं की येणारा-जाणारा सांगतो."

नातूही हसला. त्याला सोंडेबद्दल बऱ्याच जणांनी सांगितलेलं असावं! मला मात्र माझं लोखंडी कपाट आठवलं.

चिंचोके, खडू आणि शंख

रघुराजपूरच्या चित्रांना 'पट्टचित्र' म्हणतात. पट्ट म्हणजे कापड. पण हे कापड दुकानातून आणलं आणि रंगवलं, असं नसतं. ते आधी 'घडवावं' लागतं.

त्यासाठी चिंचोके पाण्यात भिजत घालतात, वाटतात आणि शिजवून त्यांची खळ करतात. आपल्याकडे धनगर मंडळी घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. या खळीने सुती कापडाचे दोन थर एकमेकांना चिकटवतात. जुनं धुतलेलं धोतर किंवा साडी असली तर उत्तमच. मग त्यावर खडूची पूड आणि खळ यांचा लेप देतात आणि उन्हात वाळवतात. वाळल्यावर आधी खरबरीत दगडाने घासायचं, मग गुळगुळीत दगडाने. घासून घासून ते कापड इतकं तुकतुकीत होतं, की हात लावला तर चामड्यासारखं लागतं.

आता रंग. पांढरा रंग शंखापासून. शंख कुटायचे, पाण्यात भिजवून वाटायचे, शिजवायचे. काळा रंग दिव्याच्या काजळीचा. तांबडा हिंगुळाचा नाहीतर गेरूचा आणि पिवळा हरताळाचा. रंग धरून ठेवायला त्यात डिंक घालतात, तो कवठाच्या झाडाचा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा हं. हिंगुळात पारा असतो आणि हरताळात आर्सेनिक, म्हणजे दोन्ही विषारी. 'नैसर्गिक रंग' म्हटलं म्हणजे तो निर्धोकच असतो असं नाही. तुमच्यापैकी काहींना कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करायची सवय आहे. ती आजपासून बंद!

चित्र काढण्याची पद्धतही ठरलेली. आधी चौकट आखायची, तिच्यात वेलबुट्टी. मग आतल्या आकृत्या, मग रंग भरायचे, मग कपडे आणि दागिने, आणि अगदी शेवटी काळ्या रंगाच्या बारीक रेघा. या रेघा मारताना चित्रकार श्वास रोखून धरतो की काय, असं वाटतं. एका झटक्यात डोळा काढून मोकळा!

या कामात घरातले सगळे असतात. खळ शिजवणं, कापड चिकटवणं, रंग भरणं ही कामं घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या. शेवटच्या रेघा पूर्वी बहुतेक पुरुषच मारत. आता मुली आणि सुनाही सबंध चित्रं काढतात. मुलं दगडाने कापड घासता घासता शिकतात. चित्राखाली नाव एकाचं असलं, तरी त्यात हात घरभरातल्या माणसांचे असतात.

याच गावात १९२६ साली एका चित्रकाराच्या घरी एक मुलगा जन्मला. तो चित्रकार झाला नाही. गावातली मुलं मुलींचा वेश घेऊन 'गोटिपुअ' नावाचा नाच करत, त्यात तो रमला. पुढे ओडिसी नृत्याचे थोर गुरू म्हणून तो जगभर गाजला. ते केलुचरण महापात्र. २००० साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

देवाला ताप येतो तेव्हा

तुम्ही विचाराल, एवढे चित्रकार या भागात आले कुठून? उत्तर पुरीच्या देवळात आहे.

ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना घडेच्या घडे पाणी घालून स्नान घालतात. एवढ्या पाण्याने देवांना ताप येतो, अशी समजूत आहे. मग पंधरा दिवस देव विश्रांती घेतात आणि कोणालाही दर्शन देत नाहीत. पण भक्तांनी दर्शन घ्यायचं कोणाचं? तर चित्रांचं! चित्रकारांनी कापडावर रंगवलेले देव त्या दिवसांत देवळात टांगतात. त्यांना 'अणसर पट्टी' म्हणतात. विचार करा मुलांनो, देवाच्या जागी पंधरा दिवस चित्र बसतं! चित्रकाराला याहून मोठा मान कोणता?

पुरीला येणारे यात्रेकरूही आठवण म्हणून छोटी पट्टचित्रं घरी नेत. त्यावर चित्रकारांची घरं चालत. पुढे छापील चित्रं आली. ती स्वस्त होती, झटपट मिळत होती. हाताने रंगवलेलं चित्र कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी वेळ आली, की बऱ्याच चित्रकारांनी कुंचला खाली ठेवला आणि शेतीची, पानमळ्यांतली, मिळेल ती कामं धरली.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हेलिना झिली नावाच्या एक परदेशी बाई या भागात आल्या. त्यांनी ही चित्रं पाहिली आणि ती करणाऱ्या जुन्या हातांचा शोध घेतला. त्यांच्या प्रोत्साहनाने चित्रकारांनी पुन्हा कुंचले उचलले. गावातले जगन्नाथ महापात्र हे त्यांतले मोठे नाव. त्यांनी नुसती चित्रं काढली नाहीत, तर मुलांना जवळ बसवून शिकवलं. २००० साली इंटॅक या संस्थेने रघुराजपूरला वारसा-गाव म्हणून निवडलं. मग पाहुण्यांची ये-जा वाढली आणि ओसऱ्या चित्रांनी भरल्या.

आपल्या महाराष्ट्रातही असंच घडलंय बरं का! रघुराजपूरमध्ये पत्त्यांचे गोल डाव रंगवतात, त्यांना 'गंजपा' म्हणतात. त्यांचीच बहीण म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. दशावताराच्या गंजिफेत दहा अवतारांचे मिळून १२० गोल पत्ते असतात. ही कला विसरली जायला आली होती. सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती पुंडलिक चितारी या जुन्या कलाकाराकडून शिकून घेतली. मग आपल्या राजवाड्यातच कलाकारांना बसायला जागा दिली. म्हणजे तिथंही घरच चित्रशाळा झालं! आता ते घर राजवाडा होतं, एवढाच काय तो फरक.

वादळ आलं

घरात प्रदर्शन असण्याची एक दुसरी बाजूही आहे. घरावर संकट आलं, की चित्रांवरही येतं.

३ मे २०१९ रोजी 'फनी' नावाचं चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १७५ किलोमीटरच्या वर होता. लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं होतं, म्हणून पुष्कळ जीव वाचले. पण रघुराजपूरचे नारळ आणि ताड मोडून पडले, छपरं उडाली, भिंतींवरची चित्रं पावसाने धुऊन नेली. विकण्यासाठी तयार ठेवलेली कितीतरी चित्रं भिजून वाया गेली. खळ, खडू, काजळी हे सगळं पाण्याचं वैरी! त्यातून सावरतात न सावरतात तोच २०२० साली कोरोनाची साथ आली. पाहुणेच बंद झाले. प्रदर्शन मांडलेलं, पण बघायला कोणी नाही.

मी आजोबांना विचारलं, "वादळानंतर आधी काय केलंत?"

ते म्हणाले, "छप्पर घातलं. मग चिंचोके भिजत घातले."

एवढंच. जणू आंघोळ केली, मग चहा घेतला, असं सांगावं तसं! परतीच्या गाडीत रात्रभर माझ्या मनात ते वाक्य घोळत होतं.

आमची ओसरी

शाळा सुरू झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की त्या मुलीला बोलावलं आणि खरं सांगितलं. "तुझं चित्र मी रद्दीत दिलं. माझं चुकलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बैलाचे पाय मला जमलेच नव्हते, बाई." मला बरं वाटावं म्हणून ती असं म्हणाली, की खरंच तसं होतं, कोण जाणे.

आणि मग आम्ही ठरवलं, की आपणही ओसरीवर प्रदर्शन भरवायचं. ओसरी तिच्याच घरची मिळाली. चौथी आणि पाचवीच्या मुलांची चित्रं तर होतीच. पण रघुराजपूर बघून आलेली मी, नुसत्या मुलांच्या चित्रांवर थांबते होय! गावात कोण कोण हाताने काही करतं, याची मुलांनी यादी केली. यादी बघून मीच चकित झाले. तिची आजी गोधड्या शिवते. कुंभारवाड्यातले एक काका बैलपोळ्याचे मातीचे बैल करतात. देवळापुढे ठिपक्यांची मोठाली रांगोळी काढणाऱ्या मावशी आहेत. आणि तिचे वडील पेंटर.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. पण फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं. एका रात्रीत छापून मिळणारी पाटी असताना चार दिवस कोण थांबणार? गेली काही वर्षं ते गवंड्याच्या हाताखाली काम करतात. रघुराजपूरची छापील चित्रांची गोष्ट सांगताना मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. पण ते ऐकत होते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोऱ्या बांधल्या, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं लावली. कठड्यावर आजीची गोधडी पसरली. पायरीवर मातीचे बैल. पाहुणे कुठून येणार हे कळावं म्हणून कोपऱ्यावर एक पाटी हवी होती. मी पुठ्ठा आणि खडू घेऊन बसले, तेवढ्यात पेंटरकाका आतून डबा घेऊन आले. झाकण गंजलं होतं, ते उचकटायलाच पाच मिनिटं लागली. पण कुंचला टेकला मात्र, आणि 'प्रदर्शन' हा शब्द असा काही सरसर उमटला, की मुलं माना वेळावून बघतच राहिली. जोडाक्षर काढायला मला जी कसरत पडते, ती त्यांना पडली नाही!

दुसऱ्या दिवशी फजिती व्हायची तीही झाली. वाऱ्याने एक दोरी सुटली. एक शेळी येऊन सूर्यास्ताचा कोपरा खाऊन गेली. तरी संध्याकाळपर्यंत ओसरीवर माणसांची रीघ होती. शेजारपाजारचे लोक, ज्यांनी आयुष्यात चित्रप्रदर्शन पाहिलं नव्हतं, ते चित्रापुढे उभे राहून बोलत होते. एका आजोबांनी सांगितलं, "पोरी, बैल चालताना चारी पाय असे सरळ टाकत नाही. उद्या गोठ्यात ये, दाखवतो."

तो बैल तिनेच काढलेला होता. नवा. तिची आजी गोधडीशेजारी बसून दिवसभर त्याच्याकडे बघत होती.

पेंटरकाकांचं पाट्यांचं काम परत आलं, असं मी म्हणणार नाही. तसं झालेलं नाही. पण आता दर रविवारी सकाळी त्याच ओसरीवर सात-आठ मुलं अक्षरं गिरवायला बसतात. आणि माझ्या वर्गातल्या कपाटात फक्त खडूच्या पेट्या असतात. चित्रं घरी जातात.

तुम्ही काय कराल?

मुलांनो, तुमच्याही गल्लीत, वाडीत, चाळीत, सोसायटीत असे हात आहेत. ओसरी नसेल तर जिना आहे, गच्ची आहे, चाळीची गॅलरी आहे. आधी यादी करा. विणकाम करणाऱ्या काकू, आकाशकंदील करणारा दादा, लाकडाचे भोवरे करणारे आजोबा, सगळ्यांना विचारा. प्रत्येकाकडून एकच वस्तू घ्या. सुतळी, चिमटे आणि पुठ्ठा पुरेसा आहे. प्रत्येक चित्राखाली नाव आणि वय लिहा. लहानांची चित्रं मोठ्यांच्या शेजारीच लावा, कोपऱ्यात नको. एक वही ठेवा, बघणाऱ्यांना काय वाटलं ते त्यांनी लिहावं. आणि शेळीकडे लक्ष ठेवायला एकाला बसवा!

पालकांनो, तुम्हांलाही एक विनंती. तुमच्या मुलाने काढलेलं शेवटचं चित्र आत्ता कुठे आहे? आठवत नसेल, तर आज संध्याकाळी त्यालाच विचारा. सापडलं, तर घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. सोंड आखूड झाली असली तरी.